लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतोय? आधी तो बंद कसा पडला ते बघा

बहिणीचा लॅपटॉप माझ्या हातात आला तोवर त्याच्यावर दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं होतं, रॅम बदलून झाली होती आणि फॅनही साफ करून झाला होता. तरी तो दिवसातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट व्हायचाच, आणि तेही नेमका व्हिडिओ कॉल चालू असताना. तिचं म्हणणं, कॉलचं ॲप खराब आहे. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, लॅपटॉप तापतो. दोघांचाही अंदाज चुकला होता, पण त्यात त्यांचा फारसा दोष नाही. ‘मध्येच रीस्टार्ट होतो’ एवढ्याच माहितीवर कोणीही अंदाजच बांधणार.

त्या लॅपटॉपचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण हा बिघाड मी आजवर जितक्या वेळा सोडवला, त्यात एक गोष्ट कायम उपयोगी पडली: ‘का रीस्टार्ट होतो’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘बंद कसा पडला’ हे आधी विचारायचं. लॅपटॉप तीन प्रकारे बंद पडतो. कोणीतरी रीस्टार्टचा हुकूम सोडला म्हणून. आत काहीतरी इतकं बिनसलं की विंडोजने स्वतःच गाशा गुंडाळला म्हणून. किंवा विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली म्हणून. तुमच्या डोळ्यांना तिन्ही प्रकार सारखेच दिसतात: स्क्रीन काळी, मग कंपनीचा लोगो. पण पहिल्याचा इलाज सेटिंगमध्ये असतो, दुसऱ्याचा बहुतेकदा ड्रायव्हर (एखादं उपकरण विंडोजला वापरता यावं म्हणून असलेलं सॉफ्टवेअर), रॅम किंवा डिस्कमध्ये, आणि तिसऱ्याचा चार्जर, बॅटरी, चार्जिंगचा जॅक नाहीतर मदरबोर्डात. प्रकार न ओळखता फॉरमॅट मारणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

आणखी एक, अगदी पहिलं काम: महत्त्वाच्या फाइल्स आजच्या आज दुसरीकडे उतरवून घ्या. लिहिता लिहिता वीज तुटली की डिस्कवरच्या फाइल्स अर्धवट राहतात, आणि पुढच्या सगळ्या चाचण्यांत लॅपटॉप अजून चार-पाचदा तरी बंद पडणार आहे.

लॅपटॉपने लिहून ठेवलेली नोंदवही

स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक केलं की यादीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ दिसतो. तो उघडा, डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टम’. लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी रांग दिसेल. ती बघून घाबरायचं कारण नाही, ठणठणीत लॅपटॉपमध्येही ती असते. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ आहे. तिथे इव्हेंट आयडीच्या चौकटीत ४१, १००१, १०७४ आणि ६००८ हे चार आकडे स्वल्पविराम देऊन टाका (इंग्रजी अंकांत, अर्थातच). आता जे उरेल तेच आपल्या कामाचं.

१०७४ म्हणजे रीतसर हुकूम. कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या युजरच्या नावावर आणि कशासाठी रीस्टार्ट मागितला हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या रीस्टार्टच्या वेळेला १०७४ सापडला तर लॅपटॉपमध्ये बिघाडच नाही.

६००८ सांगतो की अमुक वेळेला झालेलं मागचं शटडाउन अनपेक्षित होतं. यातली वेळ जपून ठेवा, कारण ४१ या नोंदीवर जी वेळ असते ती लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते. बंद पडण्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत काय चाललं होतं हे शोधायचं तर ६००८ मधली वेळ धरायची, मग फिल्टर काढून त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचायच्या.

आणि ४१. ‘कर्नल-पॉवर ४१’ हे नाव दिसलं की लोक तेच शोधायला लागतात, आणि मग त्यावर शंभर उपाय सापडतात. पण ४१ हे कारण नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट बंद न होता लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे. खरा ऐवज त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असतो. तिथे ‘बगचेक कोड’ नावाची ओळ आहे. तिथला आकडा शून्य नसेल तर विंडोज क्रॅश झालं, म्हणजे प्रकार दुसरा. शून्य असेल तर विंडोजला क्रॅशची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही: एकतर वीज तुटली, किंवा सगळं इतकं गोठलं की कोणीतरी पॉवर बटण दाबून धरलं. बटण दाबलं असेल तर त्याच टॅबमधल्या ‘पॉवर बटण टाइमस्टॅम्प’ या ओळीत शून्याऐवजी लांबलचक आकडा दिसतो. घरातल्या कोणीतरी बटण दाबलं आणि नंतर ‘आपोआप बंद पडला’ असं सांगितलं, असंही घडलेलं मी पाहिलंय.

१००१ हा क्रॅशचा पंचनामा. त्यात कोड असतो आणि डंप फाइल (क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद) कुठे ठेवली तेही.

या नोंदी वाचायचा अगदीच कंटाळा असेल तर सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचा तारीखवार आलेख उघडतो. त्यात लाल फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच दिवशी कोणतं अपडेट किंवा प्रोग्रॅम आला, हे एका नजरेत कळतं. ‘गेल्या आठवड्यापासून होतंय’ असं सांगणाऱ्या माणसाचा लॅपटॉप दोन महिन्यांपासून पडत असल्याचं इथेच उघड होतं.

नोंदी बघून झाल्या की एक खूण काढून टाका. सर्चमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधा, तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या चौकटीतली टिक काढा. विंडोज क्रॅश झालं की निळी स्क्रीन दाखवून लगेच रीस्टार्ट करतं. ती स्क्रीन इतक्या पटकन निघून जाते की आपल्याला फक्त रीस्टार्टच दिसतो. टिक काढल्यावर क्रॅश झाला तर ती स्क्रीन तुम्ही वाचेपर्यंत तिथेच थांबेल. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही स्क्रीन निळीऐवजी काळी झाली आहे, त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली तर ती वाचा, नुसती ‘स्क्रीन गेली’ म्हणून सोडू नका.) आणि टिक काढूनही लॅपटॉप कोणतीही स्क्रीन न दाखवता टपकन गेला, तर मामला विजेचा आहे हे जवळजवळ ठरलं.

हुकुमाने झालेला रीस्टार्ट

इथे फार सांगण्यासारखं नाही. विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात. त्या वेळेत ते स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. जास्तीत जास्त १८ तासांची मुदत देता येते, ती तुमच्या कामाच्या वेळेप्रमाणे स्वतः घाला. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हे अधिकार आयटी विभागाच्या हातात असतात, त्यांच्याशीच बोला.

‘रात्री झाकण लावून बॅगेत ठेवला, सकाळी उघडला तर सगळं बंद होऊन नव्याने सुरू झालेलं’, ही तक्रारही इथेच येते. आजकालचे बरेच लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत. अर्धवट जागे राहून अपडेट, मेल वगैरे करत असतात. बॅगेत हवा नसते. लॅपटॉप तापतो, नाहीतर बॅटरी संपते. बॅगेत घालायच्या आधी स्लीपऐवजी हायबरनेट करणं हा सोपा तोडगा.

जाता जाता: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आहे. तो चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उठवला जातो. म्हणजे रोज रात्री शट डाउन करणाऱ्या माणसाचं विंडोज महिनाभर खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेलंच नसतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ‘अप टाइम’ बघा, आकडा बघून दचकाल. कोणतीही चाचणी सुरू करण्याआधी एकदा ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नव्हे.

क्रॅश होत असेल तर

एका क्रॅशवरून निष्कर्ष काढू नका. निदान तीन जमू द्या आणि कोड शेजारी शेजारी लिहा. दर वेळी तोच कोड आणि तेच फाइलनाव येत असेल तर संशय ड्रायव्हरवर. दर वेळी वेगळाच कोड, कधी ब्राउझर उघडताना तर कधी नुसता डेस्कटॉप असताना, असं असेल तर मी ड्रायव्हरच्या मागे न लागता थेट रॅम तपासतो. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण वेळ खूप वाचवतो.

४१ च्या डिटेल्समधला बगचेक कोड दशमान पद्धतीत असतो, १००१ मधला हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत), त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. कॅल्क्युलेटरच्या ‘प्रोग्रॅमर’ प्रकारात बदलून घ्या. वारंवार भेटणारे काही: १५९ म्हणजे एखादा ड्रायव्हर झोपेतून उठताना किंवा झोपी जाताना अडकला, वायफायचा किंवा एखाद्या यूएसबी उपकरणाचा असू शकतो. २७८ म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेळेत उत्तर देईना. २६ म्हणजे मेमरीचा हिशेब बिघडला. २९२ म्हणजे प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक कळवली. हा आला की सॉफ्टवेअरशी झटापट थांबवा आणि उष्णता, वीज, बोर्ड यांच्याकडे वळा. तसंच ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसरचा वेग ठरल्याहून वाढवणं) किंवा अंडरव्होल्टिंग (त्याचा व्होल्टेज कमी करणं) केलेलं असेल तर ते आधी मूळपदावर आणा.

डंप फाइल्स विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाच्या फोल्डरात असतात. त्या वाचायला ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ सोपा, ‘विनडीबीजी’ जास्त खोलात जाणारा. सावध राहायची जागा एकच: बहुतेक डंपमध्ये ‘एनटीओएस कर्नल’चं नाव गुन्हेगार म्हणून येतं. तो विंडोजचा गाभा आहे. दुसऱ्या कोणीतरी मेमरीत घाण केली आणि ती याच्या पायाखाली आली, असं बहुतेकदा झालेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर यादीत त्याच्या शेजारी कोणत्या परक्या कंपनीच्या फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते बघा.

त्या फाइलचा ड्रायव्हर अलीकडेच अपडेट झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. दोन-दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर मी कायम कंपनीचा ड्रायव्हर आधी वापरून बघतो, ग्राफिक्स चिप बनवणाऱ्याचा नंतर. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ करून देणारी जी सॉफ्टवेअरं मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका संशयिताच्या जागी वीस होतात.

अँटीव्हायरसही संशयितांत धरा. तो विंडोजच्या गाभ्यापर्यंत हात घालून बसलेला असतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोजची यंत्रं क्रॅश होऊन रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती ८५ लाख होती. त्यातल्या एकाही यंत्राचं हार्डवेअर त्या अपडेटने बिघडलं नव्हतं. दोन अँटीव्हायरस एकाच लॅपटॉपवर असतील तर आजच एक काढा.

क्रॅश झाला पण डंपच तयार झाला नाही, असंही होतं. डंप लिहायची जागा म्हणजे डिस्क, आणि क्रॅशच्या क्षणी एसएसडीच गायब झाली असेल तर लिहिणार कुठे? अशा वेळी कधी कधी रीस्टार्टनंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो आणि पूर्ण बंद करून चालू केल्यावर सगळं सुरळीत होतं. हे लक्षण दिसलं की ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये डिस्कची तब्येत बघा, एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलंच सॉफ्टवेअर) बघा, आणि लॅपटॉप उघडायची सवय असेल तर तिचा स्क्रू सैल झालाय का तेही.

रॅम तपासायला विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. पण त्याची ठरावीक चाचणी वरवरची आहे. चालू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा. त्याहून भरवशाचा ‘मेमटेस्ट८६’, पेनड्राइव्हवरून चालणारा. रात्री लावून झोपायचं, सकाळी बघायचं. एकही चूक दिसली तरी रॅम नापास. ‘फक्त दोनच आल्या’ असं काही नसतं. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दुसरीवर चालवा, मग उलट. पट्टी काढून तिची सोनेरी टोकं पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर दोष नाहीसा झाला, असं अनेकदा होतं, म्हणून नवी रॅम आणायच्या आधी एवढं करा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ नावाचं एक हत्यार विंडोजमध्ये आहे. ते ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण टाकून दोषी ड्रायव्हरला क्रॅश करायला लावतं. उपयोगी आहे, पण लॅपटॉप सुरूच न होण्याच्या चक्रात अडकू शकतो. सेफ मोडमध्ये (गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू होतं तो प्रकार) जाऊन ते बंद कसं करायचं हे आधी माहीत नसेल तर हात लावू नका.

वीज तुटत असेल तर

बगचेक शून्य, डंप नाही, निळी स्क्रीन नाही. इथे लोक सगळ्यात जास्त भरकटतात, कारण स्क्रीनवर पुरावा काहीच उरत नाही आणि मग ‘गरम होतो’ हे उत्तर हाताशी असतं.

उष्णतेबद्दल आधी बोलू. लॅपटॉपचे प्रोसेसर बहुतेक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतात. म्हणजे लॅपटॉप खरोखर तापत असेल तर बंद पडायच्या बऱ्याच आधी तो मंद झालेला, फॅन घोंगावत असलेला तुम्हाला जाणवेल. वेग कमी करूनही भागलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडली जाते, आणि तेव्हा तो सहसा बंदच राहतो, आपोआप उठत नाही. लगेच चालू केला तर आधीपेक्षा लवकर पुन्हा पडतो: पहिल्यांदा चाळीस मिनिटांनी, मग दहा, मग तीन. हे आकसत जाणारं अंतर ही उष्णतेची सही आहे. तुमच्याकडे तसं दिसत नसेल तर फॅनच्या मागे लागू नका.

खात्री करायची तर ‘एचडब्ल्यूइन्फो’ सुरू करून सेन्सर्सच्या खिडकीतून लॉग लिहायला लावा. दर दोन सेकंदांनी तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, प्रोसेसरची वीज, सगळं एका फाइलमध्ये लिहिलं जातं. लॅपटॉप पडला की ती फाइल उघडायची आणि तळाच्या ओळी वाचायच्या. अगदी शेवटच्या दोन-चार ओळी डिस्कवर पोचायच्या आधीच गेलेल्या असू शकतात, पण त्याआधीच्या पुरेशा बोलतात.

बहिणीच्या लॅपटॉपच्या फाइलमधली शेवटची ओळ: प्रोसेसर ६६ अंश. त्याच्या आधीची ६५. तापण्याचा आरोप तिथेच खारीज झाला.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून एक जागा सोडून स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहिलं की विंडोज एक पान तयार करून देतं (दोन्ही शब्द इंग्रजी अक्षरांत आणि प्रत्येक शब्द सलग). त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आता किती मावतं. तिच्या बॅटरीत मुळातल्या पाचव्या हिश्शाहूनही कमी उरलं होतं. पण ती कायम चार्जर लावूनच काम करायची, त्यामुळे हे तिला कधी कळलंच नव्हतं.

म्हातारी बॅटरी दोन प्रकारे दगा देते. एक, लवकर संपते. हे सगळ्यांना माहीत असतं. दोन, तिचा अंतर्गत रोध वाढतो. नुसतं टायपिंग चालू असेल तर ती ४० टक्क्यांवर आरामात चालते, पण प्रोसेसरने अचानक जोर लावला, एकदम जास्त वीज मागितली, की तिचा व्होल्टेज खाली कोसळतो आणि लॅपटॉप ४० टक्क्यांवरून थेट काळोखात. परीक्षा सोपी आहे: सगळं सेव्ह करा, पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि एखादं जड काम लावा. टक्केवारी बरीच शिल्लक असताना पडला तर बॅटरी बदला. उलट, नुसत्या बॅटरीवर तासभर ठीक चालतो आणि चार्जर लावल्यावरच पडतो, तर चार्जर किंवा जॅक.

चार्जरवर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. तुमच्या लॅपटॉपला १३० वॉट हवेत आणि पिन बसते म्हणून घरातला ६५ चा लावला, तर हलक्या कामात काही कळणार नाही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू झालं की फरक बॅटरीतून ओढला जाणार. बॅटरी धड नसेल तर पुढचं सांगायला नको. टाइप-सी चार्जरच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण तिथे पिन सगळ्यांचीच बसते.

प्रोसेसरचा अचानक जोर हेच निमित्त आहे का हे बघायची एक युक्ती: पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता जास्तीचा वेग, बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. दिसला, आणि ९९ वर दोन दिवस एकदाही पडला नाही, तर दोष विजेत किंवा उष्णतेत आहे. हा इलाज नव्हे, पण दुरुस्ती होईपर्यंत काम चालतं.

आता जॅक. बहिणीला मी विचारलं, कॉल आला की तू नेमकं काय करतेस ते करून दाखव. तिने हेडफोन घातले, लॅपटॉप उचलला आणि चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून खिडकीकडे वळवला. चार्जरची वायर टेबलाच्या कडेला ताणली गेली, पिन जॅकमध्ये तिरकी झाली, आणि चार्जिंगचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. त्या वेळी लॅपटॉप पडला नाही. मी पिन बोटाने हळूच वर-खाली केली. तिसऱ्या वेळी गेला. आणि दोन सेकंदांत आपोआप सुरू झाला.

हे आपोआप सुरू होणंच सगळ्यांना फसवत होतं. वीज तुटली तर लॅपटॉप बंद राहायला हवा ना? तिच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) ‘चार्जरची वीज आली की चालू हो’ अशा अर्थाचा पर्याय चालू होता. असा पर्याय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असतो, नाव दर कंपनीचं वेगळं. म्हणजे घडत होतं ते असं: पिन हलली, वीज गेली, ती क्षणभराची तूट भरून काढणं हे बॅटरीचं काम, पण तिच्यात जीव नव्हता, लॅपटॉप मेला, पिन पुन्हा टेकली, बायोसने त्याला उठवलं. तिच्या दृष्टीने, कॉल सुरू झाला की लॅपटॉप रीस्टार्ट होतो. ॲप बिचारं निर्दोष. एकटा जॅक ढिला असता तर बॅटरीने सांभाळून घेतलं असतं, एकटी बॅटरी गेली असती तर चार्जरवर चाललं असतं. दोन्ही एकदम होते म्हणून फॉरमॅट आणि नवी रॅम दोन्ही वाया.

पिन हलवून बघताना दिव्याकडे लक्ष ठेवा, जोर लावू नका. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. ती लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते. ती वाकली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मंदावतो.

चार्जर, बॅटरी, जॅक तिन्ही पास झाले तर उरतो बोर्ड आणि त्याला जोडलेल्या तारा. आधी सगळं बाहेरचं काढा: माउस, हब, पेनड्राइव्ह, बाहेरचा मॉनिटर. शॉर्ट झालेली यूएसबी वस्तू अख्खा लॅपटॉप पाडू शकते. मग झाकण हळूहळू मागे-पुढे करा. नेमक्या एका कोनात पडत असेल तर बिजागरीतून जाणारी स्क्रीनची केबल चिरडली गेली असेल. एक कोपरा किंचित उचलल्यावर पडत असेल तर रॅम सैल आहे किंवा बोर्डावर कुठेतरी जोड तडकलाय. लॅपटॉप अलीकडेच उघडला गेला असेल तर आत सुटा स्क्रू राहिलाय का तेही बघा. हसू नका, दोनदा सापडलाय.

अजूनही ठरत नसेल तर

पेनड्राइव्हवर एखादं लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप दिवसभर चालवा. विंडोज, त्याचे ड्रायव्हर, तुमचा अँटीव्हायरस, यातलं काहीच तिथे नसतं. तिथेही पडला तर हार्डवेअर. तिथे ठणठणीत चालला तर मात्र ‘म्हणजे सॉफ्टवेअरच’ असं लगेच म्हणू नका. तितकाच ताण टाकलाय का ते आधी बघा. फॉरमॅटचा विचार मी या चाचणीनंतर करतो, आधी नाही.

बायोस अपडेट करा असा सल्ला सर्रास मिळतो, आणि कधी कधी तो बरोबरही असतो. पण वीज तुटणाऱ्या लॅपटॉपवर बायोस अपडेट करू नका. अपडेट अर्ध्यावर असताना तो पडला तर सुरू व्हायचीच मारामार. आधी विजेचा दोष काढा, मग बायोस.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, झाकण नीट मिटत नाही, खालचा पत्रा फुगलाय, यातलं काही दिसलं तर वरची एकही चाचणी करू नका. बॅटरी फुगलेली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

दुरुस्तीला देताना ‘रीस्टार्ट होतो’ असं सांगू नका. एका कागदावर लिहून द्या: शेवटच्या पाच वेळा, बगचेक शून्य की कोणता आकडा, चार्जर लावलेला होता की नव्हता, बॅटरी किती टक्के, लॅपटॉप हलवला होता का, आणि चाचण्यांत काय निघालं. असा कागद समोर असला की ‘आधी फॉरमॅट मारून बघू’ असं कोणी सहसा म्हणत नाही.

बहिणीच्या लॅपटॉपचा जॅक सुदैवाने बोर्डाला डकवलेला नव्हता, छोट्या वायरीवर वेगळा होता. तो आणि बॅटरी बदलली, बायोसमधला तो पर्याय बंद केला. ती अजूनही कॉल आला की लॅपटॉप खिडकीकडे वळवते. मी मधूनमधून तिच्याकडे गेलो की फिल्टर लावून बघतो. शेवटचा ६००८ जॅक बदलायच्या आदल्या दिवसाचा आहे.